माथा उपग्रहाला, तळ आपल्याला : ढगांच्या जोडनोंदींचा धागा

घाटवारा (पुणे)

जून लागला की उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे व्हॉट्सॲपवर घरोघरी पोचू लागतात आणि त्यांच्यासोबत "लाल पट्टा आपल्याच जिल्ह्यावर आहे, आज रात्री झोडपणार" अशा मजकुराचे निरोपही येतात. चित्र खरे असते. त्यातला रंग पावसाचा आहे ही समजूत मात्र खरी नसते. आपल्याकडे सर्वांत जास्त फिरणारे चित्र अवरक्त किरणांचे, साधारण १०.८ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले असते आणि त्यातून मोजले जाते ते ढगाच्या माथ्याचे तापमान. माथा जितका उंच तितका थंड आणि जितका थंड तितका चित्रात पांढरा. पुढे त्या पांढऱ्यावर लाल-जांभळे रंग चढवले जातात. त्या माथ्याखाली ढगांचे किती थर आहेत, तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि पाऊस खाली पोचतो आहे की वाटेतच विरतो आहे, यांतले काहीही त्या चित्रातून थेट कळत नाही.

ते कळते अंगणातून किंवा गच्चीवरून. म्हणून या पावसाळ्यात आपण सर्वांनी मिळून जोडनोंदी ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते. एकाच वेळी डोक्यावरचे आभाळ वहीत लिहायचे आणि त्याच वेळेचे उपग्रहाचे चित्र शेजारी ठेवायचे. भारताच्या हवामान उपग्रहांपैकी इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आणि इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या 'मॉसडॅक' या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. चित्रावरची वेळ बहुधा ग्रिनिचची असते हे कृपया ध्यानात ठेवावे. ०६०० लिहिलेले असेल तर आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. पावसाळ्यात तासाभरात आभाळ पालटते, त्यामुळे वेळेचा घोळ झाला तर सगळी तुलनाच निरर्थक ठरते.

जमिनीवरून काय लिहावे, तर आधी वेळ, मग आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग झाकलेले आहेत तो आकडा आणि त्यानंतर ढगांची जात. जात ओळखताना हाताची बोटे उपयोगी पडतात. हात पुरता लांबवून ढगाच्या एका पुंजक्यासमोर करंगळी धरावी. पुंजका करंगळीआड लपला तर तो वरच्या थरातला सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा, पण तीन बोटांआड लपणारा असेल तर मधला अल्टोक्युम्युलस. आणि तीन बोटांनीही न झाकला जाणारा असेल तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस समजावा. ही कसोटी क्षितिजापासून तीस अंशांहून वर असलेल्या ढगांनाच लावावी, कारण त्याखाली सगळेच पुंजके चपटे आणि लहान दिसतात.

तळाची उंची काढण्याचा एक साधा हिशेब आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) यांतला फरक घ्यावा आणि त्याला १२५ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. जुलैत पुण्यात तापमान २७ आणि दवबिंदू २३ असेल तर तळ ५०० मीटरवर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे शहराहून साडेसातशे मीटर वर. त्यामुळे हिशेब ५०० सांगत असेल तर गडावरचा दूरदर्शनचा मनोरा ढगात बुडालेला असायला हवा, आणि खडकवासल्याच्या बाजूने पाहिले तर बहुतेक वेळा तो बुडालेलाच असतो. मे महिन्यात तापमान ३८ आणि दवबिंदू १० असताना हाच तळ साडेतीन किलोमीटरवर जातो. जमिनीलगतची हवा तापून वर चढते आणि त्यातून जे क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारखे ढग, बनतात त्यांनाच हा हिशेब लागू पडतो. आभाळभर पसरलेल्या थरांना तो लावू नये.

आपापल्या गावच्या नोंदी आणि शंका येथे लिहाव्यात, ही विनंती.

दर्यालगत (गुहागर)

विषय अगदी जिव्हाळ्याचा आहे आणि माझी शंका बरीच जुनी आहे. आमच्याकडे आषाढात झड लागते तेव्हा दिवसभर धार तुटत नाही. परसातले पर्जन्यमापक भरून जाते, पऱ्ह्या दुथडी वाहतात, समोरचा डोंगर दिसेनासा होतो. अशा दिवशी उपग्रहाचे अवरक्त चित्र उघडले की आमच्या किनाऱ्यावर फिकट करडा रंग असतो आणि पांढरे झोत दूर बंगालच्या उपसागरात किंवा ओडिशावर दिसतात. चित्रावर विश्वास ठेवला असता तर कपडे वाळत घातले असते. इतका पाऊस देणारा ढग उपग्रहाला का दिसू नये?

नभोमापी

मी नोकरीची सारी वर्षे हवामानाच्या निरीक्षणात काढली आहेत, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ढग उपग्रहाला दिसतो. तो उंच नसतो, एवढेच. आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा ओला पश्चिमी वारा साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस असतो. तो सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर उचलला जातो आणि तेथल्या तेथे ढग बनतात. या ढगांचे माथे पुष्कळदा चार-पाच किलोमीटरवरच थांबतात. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आपल्याकडे पाच ते साडेपाच किलोमीटरवर असते, म्हणजे ढगाचा माथासुद्धा गोठणबिंदूच्या वर नसतो आणि त्यात बर्फ नसतो. लहानमोठे थेंब वेगवेगळ्या गतीने पडतात, एकमेकांवर आदळतात, एकत्र होतात आणि बर्फाच्या मदतीवाचूनच मुसळधार पाऊस पडतो. शास्त्रज्ञ याला उष्ण पाऊस म्हणतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा उभारली. तेथे पावसाळ्यात ढग अक्षरशः दारातून आत येतात आणि उपकरणे त्यातले थेंब मोजतात.

आता उपग्रहाच्या बाजूने पाहू. अवरक्त चित्रावरून पाऊस काढण्याची जी जुनी आणि पुष्कळ वापरली गेलेली रीत आहे, तिच्यात माथ्याचे तापमान २३५ केल्विनहून, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसहून कमी असेल तेवढाच भाग पावसाचा धरला जातो आणि त्याला ताशी ३ मिलिमीटर असा दर लावला जातो. मोठ्या प्रदेशाच्या आणि दीर्घ मुदतीच्या सरासरीसाठी ती रीत उपयोगी आहे. पण गुहागरच्या ढगाचा माथा शून्याच्याही वर उबदार असेल तर त्या रीतीने तेथला पाऊस शून्यच निघणार. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बराचसा अशाच बुटक्या ढगांतून. म्हणून सह्याद्रीवरचा पाऊस अवरक्त चित्रावरून नेहमी कमी भरतो.

तेव्हा तुमच्या झडीच्या दिवशी अवरक्त चित्रासोबत त्याच वेळचे दृश्य प्रकाशातले चित्रही उघडावे. ते सूर्यप्रकाशावर चालते, त्यामुळे ढग किती दाट आहे हे त्यात उमटते. एका चित्रात करडा आणि दुसऱ्यात लख्ख पांढरा असा भाग दिसला तर तो बुटका आणि दाट ढग आहे, असे खुशाल समजावे. कोकणात जुलैमध्ये तीच खूण पावसाची असते.

काळीमाती (बीड)

आमच्याकडे नेमके उलटे घडते. चैत्र-वैशाखात दुपारी तीनच्या सुमारास आभाळ अंधारते, उपग्रहाचे चित्र पांढरेफटक, रंगीत चित्रात तर जांभळा ठिपका. आंब्याच्या बागेला धास्ती भरते. मग गार वारा सुटतो, धुळीने डोळे उघडत नाहीत, चार टपोरे थेंब पडतात आणि सारे विरून जाते. कधी मात्र त्याच रंगाच्या ढगातून गारा पडतात आणि पीक झोपते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने ते पाहिलेच आहे. चित्रावरून या दोहोंतला फरक ओळखता येतो का?

घाटवारा

निव्वळ एका चित्रावरून ओळखता येत नाही, हे प्रथमच सांगतो. तुमच्या प्रश्नात मात्र तळाच्या उंचीचे महत्त्व फार चांगले दिसते. उन्हाळ्यात तुमच्याकडे ढगाचा तळ तीन-साडेतीन किलोमीटरवर असतो आणि त्याखाली सगळी कोरडी हवा असते. त्या हवेतून पडताना थेंबांचे बाष्प होते, बाष्प होताना हवेतली उष्णता खेचली जाते, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तुम्हाला जो गार वारा लागतो तो हाच. ढगाच्या तळापासून खाली लोंबणारे आणि जमिनीपर्यंत न पोचणारे धूसर पडदे तुम्ही पाहिले असतील. पाऊस वाटेत विरत असल्याची ती उघड खूण आहे आणि ती केवळ जमिनीवरूनच दिसते. गारा मोठ्या असल्या तर त्या मार्गात पुरत्या वितळत नाहीत.

दुसरी गोष्ट, उपग्रहाला जो पांढरा विस्तार दिसतो त्यातला बराच भाग माथ्यावर आडव्या पसरलेल्या ऐरणीचा, म्हणजे लोहाराच्या ऐरणीसारख्या सपाट भागाचा, असतो. ऐरण शंभर किलोमीटर पसरली तरी प्रत्यक्ष पाऊस वा गारा देणारा गाभा त्यातला थोडाच असतो. संध्याकाळकडे, सूर्य कलल्यावरचे दृश्य चित्र पाहिले तर ऐरणीच्या सपाट माथ्यातून वर आलेला घुमट आणि त्याची सावली कधी कधी दिसते. हवेचा उसळता झोत तेथे असतो. तो घुमट चित्रानंतर चित्रात टिकून राहिला तर सावध व्हावे.

नभोमापी

ऐरणीचा विषय निघालाच आहे तर तिची दिशा लिहून ठेवण्याचा आग्रह मी धरीन. मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रावर बारा-चौदा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे वारे असतात, म्हणून ऐरण पूर्वेकडे ओढली जाते. जुलैत त्याच उंचीवर पूर्वेकडून झोतवारा वाहतो आणि ऐरण पश्चिमेकडे, समुद्रावर लांबते. ही पालट उपग्रहाच्या चलतचित्रात सुरेख दिसते.

जमिनीवरूनही ती दिसते, आणि मला तरी याहून आनंदाचे निरीक्षण ठाऊक नाही. पावसाळ्यात चांगली उघडीप मिळाली की पाठ टेकून आडवे पडावे आणि नजर घराच्या कोपऱ्याशी किंवा झाडाच्या शेंड्याशी लावून ठेवावी. खालचे काळसर ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात आणि त्यांच्या फटींतून दिसणारे तंतूसारखे सिरस अगदी सावकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. खालचा मोसमी वारा आणि वरचा पूर्वेचा झोत, दोन्ही एकाच नजरेत येतात. ऑक्टोबरात सिरसची दिशा उलटते तेव्हा पावसाळा परतला, हे आभाळ स्वतः सांगते.

पाटीपेन्सिल (कोल्हापूर)

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पाठ्यपुस्तकात ढगांचे दहा प्रकार आहेत आणि मुली ते घोकतात. खिडकीबाहेर पाहून एकही ओळखत नाहीत. नभोमापीकाकांच्या प्रतिसादानंतर वर्गाला मैदानावर नेण्याचा विचार पक्का केला आहे. मुलींच्या नोंदींचा वर्गाबाहेर कोणाला उपयोग होतो का?

नभोमापी

बाई, निश्चित होतो. 'ग्लोब' नावाचा आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रम आहे. नासाचा त्याला आधार आहे आणि भारतही त्यात सहभागी आहे. त्यांच्या मोबाइल ॲपवर ढगांची नोंद करताना चार दिशांचे, वरचे आणि पायाखालच्या जमिनीचे अशी सहा छायाचित्रे घेतली जातात. उपग्रह त्या जागेवरून जाण्याच्या वेळेच्या आसपास, पंधरा मिनिटांच्या आत नोंद झाली असेल तर ती उपग्रहाच्या निष्कर्षाशी जोडून पाहिली जाते आणि ती तुलना निरीक्षकाला कळवली जाते. उपग्रहाचे गणित विरळ सिरसच्या बाबतीत, तसेच एकावर एक थर असताना चुकू शकते. तेथे माणसाच्या डोळ्याची साक्ष कामाला येते.

मुलींना हेही सांगावे की या दहा प्रकारांचे मूळ शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत नाही. ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा औषधविक्रेता होता आणि त्याने १८०२ मध्ये सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावे नुसत्या डोळ्यांनी पाहून दिली. पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह १८९६ मध्ये निघाला. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची आहे. हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह 'टायरॉस-१' अवकाशात गेला तो १ एप्रिल १९६० रोजी. म्हणजे आज उपग्रहाच्या चित्रावर आपण जी नावे लावतो, ती सगळी खालून वर पाहणाऱ्या माणसांनी ठरवलेली आहेत.

दोन गोष्टींबाबत मात्र कडक राहावे. सूर्याभोवतीचे खळे दाखवताना सूर्य इमारतीच्या कोपऱ्याआड ठेवावा, त्याच्याकडे थेट पाहू देऊ नये. आणि मेघगर्जना ऐकू आली की नोंद अर्धवट टाकून सर्वांना आत घ्यावे.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्याकडे पणजीचे डॉप्लर रडार आहे. त्याच्या चित्रातली सर आणि उपग्रहाच्या चित्रातला ढग पुष्कळदा एका जागी बसत नाहीत; ढग सरीच्या थोडा उत्तरेला दिसतो. वेळा नीट जुळवूनही हा फरक उरतो, त्याचे कारण काय असावे?

घाटवारा

उपग्रह विषुववृत्तावर आहे, आपण त्याच्या उत्तरेला. त्यामुळे तो आपल्याकडे तिरका पाहतो. उंच ढगाचा माथा ज्या दिशारेषेत त्याला दिसतो, ती रेषा जमिनीला ढगाच्या मागे, म्हणजे उपग्रहापासून दूरच्या बाजूला टेकते आणि नकाशावर ढग तेथे मांडला जातो. मुंबईसाठी ८२ अंशांवरच्या उपग्रहाचा हिशेब केला तर पंधरा किलोमीटर उंचीचा माथा सुमारे सहा-सात किलोमीटर, उत्तरेला आणि थोडा पश्चिमेला सरकलेला दिसेल. पणजी विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तुमच्याकडे हा फरक किंचित कमी येईल. बुटक्या ढगांत तो दीड-दोन किलोमीटरच असतो, म्हणजे अवरक्त चित्राच्या चार किलोमीटरच्या एका ठिपक्यातच जिरून जातो.

ठिपक्याचा आकार हीदेखील ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३. दोन्ही वेधशाळांत पंचवीसेक किलोमीटरचे अंतर आहे. तेव्हाच्या कल्पना-१ उपग्रहाचा अवरक्त ठिपका आठ किलोमीटरचा होता, म्हणजे सारा फरक तीन ठिपक्यांत मावत होता, आणि मुंबईला त्या वेळी डॉप्लर रडार नव्हते. आजही अशा प्रसंगी उपनगरातल्या एका गच्चीवरून वेळ घालून लिहिलेली "दुपारी अडीच, पूर्ण काळोख, समोरची इमारत दिसत नाही" ही ओळ मोलाची ठरेल.

दर्यालगत

सांगितल्याप्रमाणे आज पहिली जोडनोंद केली, ती देत आहे. वेळ साडेअकरा. आभाळ आठपैकी आठ भाग झाकलेले. खाली स्ट्रॅटस, त्याचे फाटके तुकडे पश्चिमेकडून वेगाने धावत होते. गोपाळगडामागचा डोंगर अर्ध्यावर कापलेला. पाऊस मध्यम, अखंड. वरचे काही दिसले नाही. ०६०० चे अवरक्त चित्र : किनाऱ्यावर करडा रंग, पण त्यावर विरळ पांढरी झाक, पूर्वेकडून पश्चिमेकडे रेघा ओढल्यासारखी. दृश्य चित्र : लख्ख पांढरे. बाष्पाच्या चित्रात सगळीकडे ओलावा. यावरून खाली दाट बुटका ढग आणि फार वर विरळ सिरस असे दोन थर मी मांडतो. बरोबर आहे का?

नभोमापी

मांडणी योग्य आहे आणि नोंदही नीटनेटकी आहे. "वरचे काही दिसले नाही" हे तुम्ही स्पष्ट लिहिलेत ते विशेष चांगले केले. वेधशाळेतही खालचा थर पूर्ण झाकून टाकतो तेव्हा मधल्या आणि वरच्या ढगांच्या जागी शून्य लिहीत नाहीत, तिरकी रेघ मारतात. नाही म्हणणे आणि दिसले नाही म्हणणे यांत निरीक्षकाने कधीही गल्लत करू नये.

एक पुरवणी जोडतो. तुमच्या दोन थरांच्या मध्ये, पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात, अल्टोस्ट्रॅटस असू शकतो. तो तुम्हाला खालच्या स्ट्रॅटसमुळे दिसणार नाही आणि वर सिरस दाट झाला तर उपग्रहालाही दिसणार नाही. त्यासाठी फुग्याची नोंद पाहावी. मुंबईहून सकाळी साडेपाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी उपकरण बांधलेला फुगा सोडला जातो, आणि तापमान व दवबिंदूचे उंचीनुसार काढलेले आलेख आंतरजालावर मिळतात. आलेखातल्या दोन रेषा ज्या उंचीवर एकमेकींना जवळजवळ चिकटतात तेथे हवा बाष्पाने भरलेली असते आणि ढगाचा संभव असतो; रेषा फाकल्या की कोरडा थर. गुहागर मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे, तेव्हा हे अनुमान मोसमी वारा किनारपट्टीभर सारखा वाहत असेल त्या दिवशीच धरावे. आजचा सकाळचा आलेख उघडून पाच ते आठ किलोमीटरमध्ये रेषा कशा आहेत ते पाहा आणि येथेच लिहा. संध्याकाळचा आला की दोन्ही ताडून पाहू.